फार्मसी विभागाचे माजी विद्यार्थी: सहभाग, देणगी आणि सत्कार यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग डिंक. इमल्शनचं हे प्रमाण वाचून ज्यांच्या कानात खलातला, मॉर्टरमधला, तो कटकट आवाज वाजला, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या फार्मसी विभागाच्या माजी विद्यार्थी संघाची मी नऊ वर्षं सचिव होते. नोकरी औषध कारखान्यात, क्वालिटी अशुरन्समध्ये. संघाचं काम रात्रीची भांडी आवरल्यावर. त्या काळात फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि लग्नाच्या पंगतीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवलेली बरी. नियम साधारण सगळ्या राज्याला लागू आहेत, मतं माझी आहेत.

मी इथून बी.फार्म. केलं, म्हणजे संघाचा सभासद आहेच ना?

नाही. पदवी विद्यापीठ देतं, सभासदत्व संघ देतो. अर्ज भरून वर्गणी द्यावी लागते, बहुतेक ठिकाणी ती एकदाच, आजीव. एम.फार्म. किंवा पीएच.डी. पुरतेच आलेलेही पात्र असतात. "आम्ही इथे फक्त दोन वर्षं होतो" असा संकोच नको.

लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींना मात्र एक कळकळीची विनंती: अर्जात पदवीवरचं, म्हणजे माहेरचं नाव आधी लिहा आणि आताचं नाव कंसात. आमच्या जुन्या याद्यांत एका बॅचच्या निम्म्या मुली "संपर्क नाही" या रकान्यात होत्या. त्या कुठे गेल्या नव्हत्या. त्यांतली एक तर आमच्याच कारखान्याच्या ॲनालिटिकल विभागात दुसऱ्या आडनावाने बसत होती, आणि आम्ही रोज एकाच बसने जायचो.

संघाची नोंदणी खरंच लागते का? व्हॉट्सॲप ग्रुप आहे की आमचा.

गप्पांसाठी ग्रुप पुरतो. पैशाला हात लावायचा तर नोंदणी हवी. आपल्याकडे असा संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदवतात. किमान सात जण लागतात, मग घटना, बँक खातं, दरवर्षीचं ऑडिट.

नोंदणी होते, फोटो निघतो, पेढे वाटले जातात. गाडी अडते ती पुढे. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे आपला चेंज रिपोर्ट, द्यायचा असतो. तो कोणी देत नाही. मग बँक म्हणते, आमच्याकडे सही जुन्या अध्यक्षांची. जुने अध्यक्ष असतात मुलाकडे न्यू जर्सीला. मी सचिव झाले तेव्हा खात्यात पैसे होते आणि काढता येत नव्हते. पहिलं दीड वर्ष माझं त्यातच गेलं. नवी कार्यकारिणी निवडलीत की त्याच आठवड्यात वकील गाठा, बाकी कार्यक्रम नंतर.

नॅकची समिती येणार असली की कॉलेजला आमची आठवण होते, एरवी कोणी विचारत नाही. असं का?

तक्रार खरी आहे. नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, आणि तिच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा मुद्दा आहे. नोंदणीकृत संघ आहे का आणि त्याने संस्थेच्या वाढीला पैशाने किंवा अन्य मार्गाने काय हातभार लावला, हे तिथे लिहावं लागतं. एनबीए, म्हणजे अभ्यासक्रमांना मान्यता देणारं मंडळ, वेगळ्या अंगाने विचारतं: शिकून बाहेर पडलेली मुलं काही वर्षांनी कुठवर पोचावीत असं तुम्ही ठरवलंत आणि ती पोचली का? हे माजी विद्यार्थ्यांना विचारल्याशिवाय कळणार कसं? एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत २०१६ पासून फार्मसीची वेगळी यादी निघते, तिथे नोकरी, पगार, उच्च शिक्षण यांचे आकडे द्यावे लागतात. म्हणून ते गूगल फॉर्म येतात, आणि नेहमी "आज संध्याकाळपर्यंत" भरायचे असतात.

माझं म्हणणं, चिडा पण फॉर्म भरा. आणि भरताना खरं लिहा. "अभ्यासक्रमाबद्दल समाधानी आहात का?" यावर सगळेच "अत्यंत समाधानी" लिहितात आणि खाली सूचनांची जागा कोरी सोडतात. कारखान्यात कोणी अशी नोंद केली असती तर आपणच डेटा इंटिग्रिटीचा, म्हणजे नोंदींच्या खरेपणाचा, प्रश्न काढला असता.

पैसे देण्याच्या स्थितीत नाही. मग माझा काय उपयोग?

मला विचाराल तर पैसे हा सहभागाचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा प्रकार आहे. विभागाला नड असते ती दरवाजांची.

फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमात बी.फार्म.च्या मुलांना सहाव्या सत्रानंतर आणि सातव्याच्या आधी किमान १५० तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं: कारखान्यात, रुग्णालयाच्या फार्मसीत किंवा औषधाच्या दुकानात. साठ मुलं, सुट्टी एकच, आणि जवळच्या एमआयडीसीतले प्लांट मोजून पाच. एचआरला कॉलेजचं पत्र जातं, उत्तर येत नाही. तिथे काम करणाऱ्या आपल्या माणसाने एचआरच्या टेबलाशी उभं राहून "आमच्या कॉलेजची चार मुलं घ्या, मी बघतो त्यांच्याकडे" म्हटलं की काम होतं. ज्यांना ओळख नसते ती मुलं कागदावर प्रशिक्षण घेतात. शिक्का मिळतो, शिक्षण होत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. वर्षाला दोन मुलं घेतलीत तरी तुमचं नाव मी देणगीदारांच्या फलकाच्या वर लिहीन.

सातव्या सत्रात प्रॅक्टिस स्कूल, म्हणजे प्रत्यक्ष काम करून शिकायचा भाग, असतो, तिथे बाहेरच्या माणसाला खरोखर वाव आहे. मुलाखतीच्या सरावाला एक शनिवार द्या. कोणाचा बायोडेटा तपासून द्या. हे घरबसल्या होतं.

पाहुणा वक्ता म्हणून बोलावलंय. काय बोलू?

तुमचा जीवनप्रवास सांगू नका. सत्तर स्लाइडही नकोत. रोजच्या कामातली एकच गोष्ट दाखवा.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीने केलेलं सांगते. प्रॉडक्शनमध्ये आहे ती. कंपनीचा कोणताही कागद न आणता तिने कोऱ्या कागदावर स्वतः एक बॅच रेकॉर्डचं, म्हणजे औषध बनवतानाच्या नोंदींचं, पान आखलं, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि मुलांना म्हणाली, वजन लिहा, २५.३०. सगळ्यांनी लिहिलं. मग म्हणाली, माफ करा, २५.०३ होतं. दुरुस्त करा. कोणी आकडा गिरवला, कोणी व्हाइटनर मागितला, एकाने पान चुरगाळून नवं मागितलं. तिने तीनही पानं वर धरली आणि शांतपणे म्हणाली, "तुमच्या तिघांच्याही नावाने आज ऑब्झर्वेशन निघालं." म्हणजे तपासणीत त्रुटी सापडली. बरोबर रीत अशी: एक सरळ रेघ, जुना आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला नवा आकडा, सही, तारीख, कारण. वीस मिनिटांचं काम. पुस्तकातली ओळ मुलांच्या बोटांत उतरली.

२०२३ च्या अखेरीस सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीची नियमावली, अधिसूचित झालं, त्यावर बोलायला माणसं हवीच आहेत. पण तेसुद्धा असंच, हातात काहीतरी देऊन. कंपनीचे गोपनीय कागद आणू नका, एवढं पथ्य पाळा.

माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. मी येऊन काय सांगणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, आणि तोही नेहमी खालच्या आवाजात. चार वर्षं शिकवणाऱ्यांनीच हा न्यूनगंड दिला आहे: कारखाना म्हणजे यश, काउंटर म्हणजे राहून गेलेला.

तुमच्या दुकानात जे शिकता येतं ते प्लांटमध्ये मिळत नाही. शेड्यूल एच१ च्या, म्हणजे जास्त कडक नियंत्रणातल्या, औषधांची वेगळी नोंदवही रोज कशी भरतात आणि तीन वर्षं का जपायची. वीज गेल्यावर फ्रीजमधल्या इन्सुलिनचं काय करता. २ ते ८ अंश हे पुस्तकात सोपं आहे, मे महिन्यात सहा तास भारनियमन असताना नाही. म्हाताऱ्या आजीला मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घ्यायचं कोणत्या शब्दांत सांगता. "तीच परवाची लाल गोळी द्या" म्हणणाऱ्याला कसं परत पाठवता. डी.फार्म.च्या मुलांना तर ५०० तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, त्यांना स्टूलवर बसवून खोकी फोडायला लावण्यापेक्षा एखाद्याने नीट शिकवलं तर किती बरं.

आता कडू भाग. ज्याचं प्रमाणपत्र दुकानात टांगलेलं आहे आणि जो स्वतः तिथे नसतो, अशाने मात्र येऊ नये. फार्मसी कायदा १९४८ चा आहे, नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय औषध देऊ नये हे कलम ४२ तेव्हापासूनचं आहे, आणि सर्टिफिकेट भाड्याने देणाऱ्यांत आपलेही लोक आहेत.

अभ्यासक्रम जुना वाटतो. माजी विद्यार्थी तो बदलू शकतात का?

थेट नाही. बी.फार्म.चा अभ्यासक्रम भारतीय फार्मसी परिषद देशभरासाठी ठरवते, विद्यापीठ त्यात फारसं इकडचं तिकडे करू शकत नाही. पण फटी आहेत. आठव्या सत्रातले ऐच्छिक विषय कोणते शिकवायचे हे विभाग ठरवतो: फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणं), औषध विपणन, संगणकाच्या मदतीने औषधरचना वगैरे. बहुतेकदा शिकवायला माणूस कोण आहे यावर ते ठरतं, मुलांना काय हवं यावर नाही. पुण्या-मुंबईत फार्माकोव्हिजिलन्समध्ये कितीतरी माजी विद्यार्थी आहेत. त्यांतल्या दोघांनी आठवड्याला एक तास ऑनलाइन घ्यायचं कबूल केलं तर विषय बदलतो. प्रोजेक्टचंही तसंच.

आमचं म्हणणं ऐकलं जाईल अशी कायदेशीर जागा कुठे आहे?

आहे, आणि आपण ती रिकामी सोडतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ प्रमाणे अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांतून निवडून येतात. पदवी मिळाली म्हणजे नोंदणीकृत पदवीधर झालो, असं नाही. वेगळा अर्ज करावा लागतो. निवडणूक जाहीर झाली की राजकीय पक्षांच्या विद्यार्थी संघटना गठ्ठ्याने अर्ज भरतात आणि आपण नंतर वर्तमानपत्रात निकाल वाचतो. फार्मसीवाल्यांची संख्या थोडी, तीही नोंदलेली नसते.

संलग्न कॉलेज असेल तर त्याच कायद्याच्या कलम ९७ खाली महाविद्यालय विकास समिती असते. त्यात स्थानिक सदस्यांपैकी किमान एक माजी विद्यार्थी असावा असं लिहिलेलं आहे. तुमच्या कॉलेजच्या समितीवर तो कोण आहे, हे प्राचार्यांना विचारून बघा. मी एकदा एका ठिकाणी विचारलं तर ज्या गृहस्थांचं नाव निघालं, त्यांनाच ते ठाऊक नव्हतं. अंतर्गत गुणवत्ता कक्षावरही, आयक्यूएसीवर, माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी असतो. या बैठका रटाळ असतात. चहा गार येतो. तरी जा, कारण प्रयोगशाळेला सॉल्व्हंट का नाही हे तिथेच विचारता येतं.

देणगी द्यायची आहे. कोणाच्या खात्यात देऊ?

विद्यापीठाच्या विभागाला स्वतःचं खातं सहसा नसतं. पैसे विद्यापीठाच्या मुख्य खात्यात जातात, आणि कशासाठी दिले हे पत्रात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते समुद्रात साखर टाकल्यासारखे विरघळतात. म्हणून पत्र आधी, पैसे नंतर. पत्रात उद्देश, विभागाचं नाव, खर्च कोणी मंजूर करायचा आणि वर्षाला हिशेब कोणाला द्यायचा, एवढं असू द्या. संघाच्या खात्यात दिलेत तर हे सोपं जातं, पण मग संघाचा हिशेब मागायचा हक्क तुमचा आहे आणि तो बजावा.

करसवलत, ज्याला आपण सगळे ८०जी म्हणतो, ती संघाकडे तशी मान्यता असेल तरच. रोख दोन हजारांच्या वर दिलेत तर वजावट नाही. नव्या करप्रणालीत असाल तर तसाही तिचा उपयोग नाही.

आईच्या नावाने सुवर्णपदक ठेवायचं आहे. एक लाख पुरतील?

भावना मोठी आहे, म्हणून गणित आधी करू. एक लाखाची ठेव, सात टक्के व्याज, वर्षाला सात हजार. सात हजारांत आज एक ग्रॅम सोनंही येत नाही. म्हणून बहुतेक सुवर्णपदकं सोन्याचा मुलामा दिलेली असतात, आणि काही जुनी पदकं तर निव्वळ प्रमाणपत्रावर उरली आहेत. १९७० च्या दशकात कोणी पाच हजारांची ठेव ठेवून गेलं, तेव्हा ती भलीमोठी रक्कम. आज तिचं व्याज साडेतीनशे. नाव पुकारलं जातं, टाळ्या होतात, मुलीच्या हातात कागद येतो.

त्याऐवजी एक सुचवू? त्याच सात हजारांत एका मुलीची परीक्षा फी, किंवा एम.फार्म.च्या प्रवेशासाठीच्या जीपॅट परीक्षेची पुस्तकं होतात. आईचं नाव तिथेही राहील. पदकच द्यायचं असेल तर व्याजाचा चौथा हिस्सा दरवर्षी मुद्दलात मिळवायची अट घाला, म्हणजे ठेव थोडी तरी वाढत राहील. आणि विषय निवडताना सगळे फार्मास्युटिक्स, म्हणजे औषधं घडवण्याचं शास्त्र, निवडतात. फार्माकोग्नोसीला, म्हणजे वनस्पतींसारख्या नैसर्गिक औषधांच्या अभ्यासाला, कोणी वाली नाही.

मी अमेरिकेत असतो. तिथून पैसे पाठवू शकतो का?

पासपोर्ट कोणता, यावर ठरतं. भारतीय पासपोर्ट असेल तर तुम्ही परदेशी राहत असलात तरी नेहमीच्या बँकेमार्गे दिलेली तुमची देणगी विदेशी ठरत नाही. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी होते, आणि एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याखेरीज संघाला ती घेता येत नाही. लहान संघाकडे ही नोंदणी बहुधा नसते. ती मिळवायला तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, शिवाय दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं. "भावाच्या खात्यात टाकतो, तो देईल" असा सल्ला मिळेल. नको. संघाच्या गळ्याशी येतं.

तुमच्याकडून पैशापेक्षा माहिती मोलाची आहे. इथे दरवर्षी काही मुलं एजंटला लाखभर देऊन बसतात आणि मग कळतं की २००३ पासून पुढे पास झालेल्यांना अमेरिकेच्या एफपीजीईसीसाठी, म्हणजे परदेशी फार्मासिस्टांना तिथे लागणाऱ्या प्रमाणपत्रासाठी, पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, चार वर्षांची बी.फार्म. चालत नाही. फार्म.डी. चालते. कॅनडाची वाट वेगळी, तिथल्या पीईबीसीच्या परीक्षांना आपले बी.फार्म. बसतात. हे रविवारी सकाळी अर्धा तास झूमवर सांगितलंत तर एखाद्या बापाची एफडी वाचेल.

कंपनी जुनं एचपीएलसी मोडीत काढते आहे. विभागाला देऊ का?

एचपीएलसी म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. द्या, पण डोळे उघडे ठेवून. आमच्याकडे असं एक यंत्र आलं होतं. टेम्पोतून उतरवताना हार, नारळ, सगळ्यांचा फोटो. मग लक्षात आलं की सॉफ्टवेअर ज्या संगणकावर चालायचं तो कंपनीने ठेवून घेतलाय, डोंगलही त्यालाच. कॉलम नाही. नवा कॉलम चाळीस-पन्नास हजारांच्या घरातला. एचपीएलसी ग्रेडचा मिथेनॉल आणि ॲसिटोनायट्राइल कोणत्या शीर्षाखाली घ्यायचा यावर लेखा विभागाची सही अडली. पंपाची सीलं गेलेली. देखभालीचा करार कोणी केला नव्हता. आणि एकदा डेड स्टॉक रजिस्टरला नोंद झाली की वस्तू विकताही येत नाही, फेकताही येत नाही. दोन वर्षं ते निळ्या प्लास्टिकच्या कव्हराखाली बसून होतं. परीक्षेच्या दिवसांत मुलं त्यावर दप्तरं ठेवायची.

म्हणून आता माझा नियम: यंत्राबरोबर संगणक, सॉफ्टवेअरचा परवाना, शेवटचा कॅलिब्रेशन अहवाल, एक चालू कॉलम, वर्षभराच्या देखभालीचा खर्च आणि दोन दिवस येऊन शिकवणारा माणूस. हे नसेल तर गोळीचा टणकपणा मोजणारा साधा हार्डनेस टेस्टर द्या, तो रोज वापरला जाईल. मुदत संपलेली रसायनं "मुलांना सरावाला" म्हणून पाठवू नका. त्यांची विल्हेवाट हा तुमचा खर्च आहे, तो कॉलेजच्या गळ्यात का?

सीएसआर मिळेल का?

कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी म्हणजे सीएसआर. मिळू शकतो. मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात आणि शिक्षण त्यात बसतं. संघाकडे सीएसआर-१ नोंदणी हवी. तुमचं काम योग्य टेबल दाखवण्याचं, प्रस्ताव विभागाने लिहायचा.

उत्कृष्ट माजी विद्यार्थी पुरस्कार कोणाला मिळतो? ठरवतं कोण?

कागदावर निवड समिती. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी असं होतं की समारंभाचा खर्च उचलणारा कोण, हे आधी ठरतं आणि त्याचं कर्तृत्व मागाहून सापडतं. मीही अशा एका यादीवर सही केली आहे, आणि त्या संध्याकाळचं जेवण मला गेलं नव्हतं.

आपल्या क्षेत्रात डोळे दिपवणारी नावं आहेत, नाही असं नाही. डॉ. रेड्डीज उभी करणारे के. अंजी रेड्डी माटुंग्याच्या यूडीसीटीत औषधरसायनं शिकले, मग पुण्याच्या एनसीएलमधून, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून, पीएच.डी. झाले. २००१ मध्ये पद्मश्री, २०११ मध्ये पद्मभूषण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झालेली यूडीसीटी आज आयसीटी या नावाने अभिमत विद्यापीठ आहे, आणि तिथल्या अध्यासनांवर माजी विद्यार्थ्यांची आणि उद्योजकांची नावं आहेत. कालिन्याचं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी तर १९५७ मध्ये फार्मासिस्टांच्याच संघटनेने, इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या महाराष्ट्र शाखेने काढलं. म्हणजे व्यवसायातल्या माणसांनी संस्था पोसायची, ही रीत आपल्याला नवी नाही.

पण दरवर्षी अंजी रेड्डी निपजत नाहीत. म्हणून समिती मग त्यातल्या त्यात मोठा पगार शोधते. पदनामात "व्हाइस प्रेसिडेंट" दिसलं की झालं. मी सचिव असताना शेवटच्या तीन वर्षांत आम्ही वेगळं करून पाहिलं. पुरस्काराचे चार वर्ग केले: उद्योग, अध्यापन-संशोधन, शासकीय सेवा आणि रुग्णसेवा. शेवटच्या वर्गात पहिल्या वर्षी एकही अर्ज आला नाही. आम्ही फोन करून करून माणसं शोधली. आदिवासी भागातल्या ग्रामीण रुग्णालयात चौदा वर्षं औषध भांडार सांभाळणारा एक जण सापडला. त्याने मुदतीप्रमाणे रंगीत चिठ्ठ्या लावून कपाटं रचली होती. तीन महिन्यांत संपणारं ते लाल, सहा महिन्यांतलं पिवळं. पावसाळ्यात रस्ता तुटायच्या आधी सर्पदंशावरचं प्रतिविष किती मागवायचं याची त्याची स्वतःची वही होती, मागच्या वर्षांच्या आकड्यांची. व्यासपीठावर तो दोन मिनिटं बोलला, त्यातला दीड मिनिट त्या वहीबद्दल. मागच्या रांगेतल्या एका व्हाइस प्रेसिडेंटने नंतर मला विचारलं, "ती वही बघायला मिळेल का?"

निकष काय असावेत?

मी हे ठेवीन. पदवीला किमान दहा वर्षं. कामाचा पुरावा, पदाचा नाही. त्या वर्षीचा देणगीदार किंवा प्रायोजक त्या वर्षी पात्र नाही. समितीवरच्या माणसाच्या बॅचचं नाव आलं तर त्याने बाहेर बसायचं. ज्याच्यावर औषध कायद्याखाली कारवाई चालू आहे किंवा ज्याचं सर्टिफिकेट भाड्याने आहे, तो बाद. आणि योग्य माणूस नसेल तर त्या वर्षी पुरस्कार नाही, हे सगळ्यात अवघड. सभागृह आरक्षित झालेलं असतं.

स्वतःचं नाव स्वतः सुचवलं तर चालतं का?

चालतं. लाज वाटू देऊ नका, विशेषतः बायकांनी. पुरुषांचे अर्ज आमच्याकडे सहीशिक्क्यानिशी यायचे, बायकांची नावं कोणीतरी दुसऱ्याने सुचवावी लागायची.

शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह हे सगळं हवंच का?

श्रीफळ ठेवा, घरी चटणी होते. शालींचं काय करतात हे प्रत्येक घराला माहीत आहे. काचेच्या सन्मानचिन्हावर नाव चुकलं तर ते दुरुस्तही होत नाही. त्याऐवजी सत्कारमूर्तीला दुपारी दोन तास मुलांबरोबर बसवा, माइकशिवाय. कार्यक्रम जागतिक फार्मासिस्ट दिनी, २५ सप्टेंबरला, किंवा नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या राष्ट्रीय फार्मसी सप्ताहात ठेवला तर मुलं आपसूक हजर असतात. दिवाळीच्या सुट्टीत ठेवलात तर रिकाम्या खुर्च्यांचा सत्कार होतो.

आमच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली. रीयुनियन विभागात करता येईल?

महिनाभर आधी पत्र द्या, रविवार सोडा, लॅबमध्ये खाणं नेऊ नका. उरलेले पैसे संघाला दिलेत तर आनंद. आणि शिक्षकांबरोबर लॅबमधल्या मामांनाही बोलवा. जनावरघर सांभाळणारे, व्हायवाच्या दिवशी बर्नर आधीच पेटवून ठेवणारे, फुटलेल्या पिपेटचं नाव न सांगणारे. त्यांना शोधायला वेळ लागतो, निवृत्तीनंतर ते गावी गेलेले असतात. एका बॅचने मामांना आणायला गाडी पाठवली होती. पहिल्या रांगेत बसवलं, तर ते अर्ध्या कार्यक्रमातून उठून लॅबचा नळ बंद करायला गेले.

माझा नंबर आणि पगार तुम्ही कोणाला देता?

पगार आकडेवारीसाठी, नावाशिवाय. नंबर तुम्ही हो म्हटल्याशिवाय कोणालाही नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण साधी सभ्यताही आहे. पूर्ण बॅचची एक्सेल शीट ग्रुपवर टाकणाऱ्यांनो, त्या यादीवरून विमा एजंटांचे फोन येतात.

जुन्या वस्तू संग्रहासाठी घेता का?

घेतो. सपोझिटरीचे पितळी साचे, गोळ्या वळायची पाटी, जुनी जर्नलं, हस्तलिखित नोट्स, ग्रुप फोटो. फोटोच्या मागे नावं पेन्सिलीने लिहा. औषधं आणू नका, बाटली कितीही जुनी आणि सुंदर असली तरी रिकामी करून आणा. सगळ्यात दुर्मिळ आहेत काजळीचे आलेख. आजच्या मुलांना बेडूक पडद्यावर भेटतो. त्यांना कायमोग्राफच्या, म्हणजे स्नायूची हालचाल कागदावर रेखणाऱ्या यंत्राच्या, फिरत्या ड्रमवर कागद चढवून त्यावर धूर धरायचा, बेडकाच्या रेक्टस स्नायूला ॲसिटिलकोलीन द्यायचं आणि सुईने पांढरी रेघ ओढली जाताना श्वास रोखायचा, हे खरं वाटत नाही. एक गृहस्थ १९८१ चा असा आलेख घेऊन आले, लाखेत बुडवून पक्का केलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कडा झडल्या होत्या, पण चढत्या डोसच्या चारही उड्या स्वच्छ दिसत होत्या. कोपऱ्यात सरांची लाल शाई होती: "तिसरा डोस चुकला. पुन्हा करा." त्यांनी तो पुन्हा केला होता का, हे विचारलं. म्हणाले, बेडूक संपले होते.